वाचकांचे प्रश्न : अर्ध्या रतलाचा केक

नाताळ जवळ आला की केकविषयीची पत्रं वाढतात. यंदा त्यातली बरीचशी एकाच केकभोवती फिरतात : लोणी, साखर, मैदा आणि अंडी, चारही सम वजनात घेऊन केलेला, सुकामेवा घातलेला भरीव पाउंड केक. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या वहीत आजेसासूबाईंचा केक असा लिहिलाय : ‘अर्धा रत्तल लोणी, अर्धा रत्तल साखर, अर्धा रत्तल मैदा, पाच अंडी. मनुका, बदाम, साल मिळून आठ आण्यांची. जायपत्री चिमूट. लोणी पांढरे होईतो फेसावे. वरखाली मंद विस्तव, तीन घटका.’ आजच्या मापात आणि ओव्हनमध्ये हा कसा करायचा? — वसई

वही जपून ठेवा. कृती पूर्ण आहे, फक्त मापं बदलली आहेत. रत्तल म्हणजे पाउंड, ४५४ ग्रॅम. म्हणजे अर्धा रत्तल २२७ ग्रॅम, २२५ धरा. चारही जिन्नस एकेक पाउंड घ्यायचे, म्हणूनच इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात या केकला ते नाव पडलं. (तुमच्याकडे ‘पावशेर’ असतं तर अडचण होती. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा पावशेर २३३ ग्रॅम भरतो, पण जुना मुंबईचा शेर त्याहून बराच लहान होता. अशा वेळी एकच उपाय, चारही जिन्नस एकमेकांच्या वजनाला बांधायचे.)

इथे अंड्यांकडे नीट पाहा. ‘पाच अंडी’ हा आकडा त्या घरातल्या कोंबड्यांचा आहे. आज पोल्ट्रीचं मध्यम अंडं कवचासकट साधारण ५५ ग्रॅम भरतं, कवच काढल्यावर ४८च्या आसपास. पाच अंड्यांचे २४० ग्रॅम होतात, म्हणजे १५ ग्रॅम जास्त. फोडून, हलकेच फेटून, वजन करून २२५ घ्या. गावरान अंडी बरीच लहान असतात, ती सहा-सात लागतील. बाकीचे तीन जिन्नस तोलून अंडी मात्र मोजून घालायची, ही या केकमधली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

सगळी यादी अशी : लोणी २२५ ग्रॅम, बारीक साखर २२५ (गोड कमी आवडत असेल तर २००, १८०च्या खाली जाऊ नका, केक कोरडा होतो), मैदा २२५, कवच काढलेली अंडी २२५. ‘आठ आण्यांची’ यावरून वजन काढता येत नाही, पण या मिश्रणाला पेलवतो तो सुकामेवा मैद्याच्या वजनाइतका, त्याहून जास्त नाही. १२५ ग्रॅम फळं (मनुका आणि वहीतली ‘साल’, म्हणजे पाकवलेली संत्र्याची साल) आणि ८० ग्रॅम बदाम-काजू-अक्रोड हे प्रमाण चांगलं बसतं. जायपत्रीची पूड पाव चहाचा चमचा. ती बदलून वेलची घालू नका. जायपत्री हा पाउंड केकचा जुना, मूळचा मसाला आहे आणि कोकणातली ताजी जायपत्री हाताशी असताना दुसरं काही शोधायचं कारण नाही. हवा तर एक चमचा व्हॅनिला.

मूळ कृतीत बेकिंग पावडर नाही आणि ती विसरलेलीही नाही. या केकला फुगवते ती फेसताना लोण्यात कोंडलेली हवा. साखरेच्या कणांच्या कडा लोण्यात बारीक बारीक पोकळ्या करतात. भट्टीत त्या पोकळ्यांतली हवा आणि वाफ प्रसरण पावते. ‘पांढरे होईतो’ ही खूण म्हणूनच अचूक आहे : हवा भरली की पिवळं लोणी फिकट दिसतं. सुकामेवा जास्त असेल किंवा पहिलीच वेळ असेल तर अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर मैद्यात चाळून घ्या. त्याहून जास्त घातली तर केक आधी टरारून फुगतो आणि मग मध्येच बसतो.

आता लोणी. बाजारच्या मीठवाल्या बटरमध्ये दोन-अडीच टक्के मीठ असतं, म्हणजे २२५ ग्रॅममध्ये जवळजवळ एक चहाचा चमचा. केकला ते जास्त होतं. बिनमिठाचं बटर घ्या आणि वरून पाव चमचा मीठ घाला. घरचं लोणी वापरायचं तर ताजं हवं. बर्फाच्या पाण्यात तीन-चार वेळा मळून धुवा, पाणी नितळ निघेपर्यंत, आणि मग दाबून दाबून पाणी काढा. ताकाचा अंश राहिला तर आंबूस वास केकमध्ये उतरतो. पाणी राहिलं तर मिश्रण फाटतं.

बारीक साखर म्हणजे नेहमीची दाणेदार साखर मिक्सरमध्ये चार-पाच सेकंद फिरवलेली, रव्यापेक्षा थोडी बारीक. पार पीठ केलं तर कण उरत नाहीत आणि लोण्यात हवा कमी भरते.

कृती. लोण्याचं तापमान १८ ते २० अंश हवं : बोटानं दाबल्यावर खळगा पडतो, पण बोट तेलकट होत नाही. अंडी फ्रीजमधली असतील तर कवचासकट कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. लोणी एकटं मिनिटभर फेसा, मग साखर तीन वेळा घालून हँड मिक्सरच्या मध्यम वेगावर सहा-सात मिनिटं. हातानं फेसत असाल तर वीस मिनिटं धरा. एकाच दिशेनं फेसावं लागतं असं सांगतात. त्याने काही फरक पडत नाही, हात दमला तर खुशाल दिशा बदला. फेटलेली अंडी आठ-दहा वेळा थोडी थोडी घाला, आधीची पूर्ण मिसळल्याशिवाय पुढची नाही. मैदा, मीठ, जायपत्री एकत्र दोनदा चाळून तीन भागांत घाला. इथून पुढे मिक्सर बंद, फक्त उलथनं किंवा स्पॅच्युला. मैदा दिसेनासा झाला की थांबा. जास्त घोटलं तर मैद्यातलं ग्लुटेन चिवट होतं आणि कापल्यावर आत उभी बोगदेवजा छिद्रं दिसतात. शेवटी सुकामेवा. मिश्रण चमच्यातून वाहता कामा नये, धप्पकन पडलं पाहिजे. फारच घट्ट असेल तरच एक-दोन मोठे चमचे दूध.

हे सगळं ९ बाय ५ इंचांच्या लोफ टिनमध्ये मावतं. टिन दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. तळाला आणि बाजूंना बटर पेपर. ‘वरखाली मंद विस्तव’ म्हणजे पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे. ओटीजीमध्ये (ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) तेच दोन्ही कॉइल चालू ठेवून, १६० अंशांवर. आणि घटका म्हणजे २४ मिनिटं. तीन घटका ७२ मिनिटं झाली, या आकाराच्या केकला आजही तेवढीच लागतात. ६५ मिनिटांपासून तपासायला लागा. सुई दोन ठिकाणी घाला. एखाद्या मनुक्यातून गेली तर चिकट निघते आणि केक कच्चा वाटतो. १५ मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर. टिनमध्येच पूर्ण गार केला तर वाफेनं तळ ओला होतो.

आणि त्याच दिवशी कापू नका. दुसऱ्या दिवशी लोण्याचा आणि जायपत्रीचा स्वाद सारखा पसरतो, तुकडेही नीट पडतात.

प्रश्न : मनुका आणि चेरी दर वेळी तळाला जातात. मैद्यात घोळवून घातलं तरी तेच. — कोल्हापूर

मैद्यात घोळवण्यानं थोडीच मदत होते. खरं कारण बहुधा मिश्रण पातळ असणं. सम वजनाचं, नीट फेसलेलं मिश्रण मनुका सहज पेलतं. तुमचं पातळ होत असेल तर लोणी जास्त मऊ झालेलं आहे किंवा अंडी मापापेक्षा जास्त पडताहेत, ते आधी तपासा.

दुसरं, फळं ओली आणि जड. पाकातल्या चेरी गाळण्यात कोमट पाण्याखाली धरून पाक धुवा, फडक्यावर अर्धा तास सुकवा, चार तुकडे करा. टुटीफ्रुटी (म्हणजे पाकवलेली कच्ची पपई) चिकटून गोळे झाली असेल तर सुटी करा. सांगली-तासगावचे बेदाणे लहान आणि हलके असतात, ते अख्खे चालतात. मोठे काळे मनुके आणि खजूर चिरूनच. घोळवायचा मैदा मोजलेल्या २२५ ग्रॅममधलाच, एक मोठा चमचा. वरून वेगळा घेऊ नका. एवढं करूनही धास्ती वाटत असेल तर पाव मिश्रण सुक्यामेव्याशिवाय आधी टिनच्या तळाला पसरा आणि उरलेल्यात फळं घालून वर ओता.

प्रश्न : अंडी घालायला लागलं की मिश्रण फाटतं, दह्यासारखं दिसतं. टाकून द्यावं का? — पुणे

अजिबात नाही. लोण्यातल्या स्निग्धांशाला अंड्यातलं पाणी बारीक थेंबांच्या रूपात धरून ठेवायचं असतं. अंडी गार असली की लोणी घट्ट होतं आणि पाणी वेगळं पडतं. एकदम बरीच घातली तरी तेच होतं. मोजलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा लगेच घालून फेसा, बहुतेक वेळा सावरतं. भांडं गार लागत असेल तर कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरा. पूर्ण नाही सावरलं तरी मैदा घालून पुढे जा. केक खाण्यालायक होईल, फक्त केकच्या आतली जाळी थोडी जाड आणि तळाशी कधी कधी चिकट पट्टा.

उन्हाळ्यात उलट घडतं आणि ते ओळखू येत नाही. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३४-३५ अंशांवर असतं; लोणी तेवढ्यात वितळायला लागतं. वितळलेल्या लोण्यात हवा थांबत नाही. मिश्रण चकचकीत, पातळ दिसतं, फाटत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं आणि केक मात्र विटेसारखा होतो. अशा दिवसांत पहाटे करा, भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवा, अंडी थोडी गारच वापरा.

प्रश्न : ओटीजीमध्ये वरून काळा आणि आतून कच्चा. शिवाय मधोमध मोठी चीर पडते. — ठाणे

चीर हा दोष नाही. लांबट टिनमध्ये कडा आणि वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, मधलं मिश्रण नंतर फुगतं आणि पापुद्रा फोडून वर येतं. ती सरळ यावी असं वाटत असेल तर टिन आत घालण्याआधी मधोमध मऊ लोण्याची एक बारीक रेघ ओढा, चीर त्या रेघेवरच पडते.

काळा होतो तो मात्र दोष आहे. लहान ओटीजीमध्ये केकचा माथा वरच्या कॉइलच्या फार जवळ येतो. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत ठेवा, पंधरा मिनिटं आधी तापवा आणि ४० मिनिटांनी वर फॉइल सैलसर झाका. पहिल्या ४० मिनिटांत दार उघडू नका. पंख्याचा ओव्हन असेल तर १४५ अंश पुरे. बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात २०-२५ अंशांचा फरक सहज सापडतो; आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, त्याने तुमच्या निम्म्या तक्रारी मिटतील. सुईचा थर्मामीटर असेल तर गाभ्यात ९६ ते ९८ अंश म्हणजे झाला.

प्रश्न : फळं रममध्ये किती दिवस भिजवायची? आमच्याकडे काही जण रम घेत नाहीत, त्यांच्यासाठी काय? — म्हापसा

महिनोन् महिने भिजवलेली फळं काळ्या नाताळ केकची, ज्यात फळं मैद्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. पाउंड केकला एक रात्र पुरे. १२५ ग्रॅम फळांना तीन मोठे चमचे रम किंवा ब्रँडी, झाकून, मधून हलवत. दुसऱ्या दिवशी गाळा, फळं फडक्यावर सुकवा. गाळलेली रम केक गरम असताना वरून ब्रशनं लावा. मिश्रणात ओतू नका.

रम नको असेल तर संत्र्याचा रस उकळत आणून फळांवर ओता किंवा कडक कोरा चहा. मात्र हे बाहेर ठेवायचं नाही. झाकून फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांच्या आत वापरा, नाहीतर आंबतं. आणि भट्टीत दारू पूर्ण उडून जाते असं समजू नका, थोडी उरते. ज्यांना वर्ज्य आहे त्यांच्यासाठी वेगळा केक करणंच योग्य.

प्रश्न : बाजारची ऑरेंज पील महाग आणि नुसतीच गोड. घरी जमेल का? — नागपूर

तुमच्या गावात नाही जमणार तर कुठे! पाच-सहा संत्र्यांची साल घ्या, आतल्या पांढऱ्या शिरा चमच्यानं खरवडून काढा, पातळ चिरा. पाण्यात पाच मिनिटं उकळा, पाणी फेका. असं तीन वेळा. कडवटपणा याने जातो, स्वाद राहतो. आता सालीचं वजन करा. तेवढीच साखर आणि साखरेच्या निम्मं पाणी घेऊन मंद आचेवर साल पारदर्शक दिसेपर्यंत शिजवा, वीस-पंचवीस मिनिटं. नागपुरी संत्र्याची साल पातळ असल्यामुळे लवकर होते, लक्ष ठेवा. जाळीवर रात्रभर सुकवा. महिनाभर फ्रीजमध्ये टिकते. उरलेला पाक फेकू नका, सरबताला घ्या.

प्रश्न : काजू-अक्रोड केकमध्ये मऊ पडतात. — वेंगुर्ले

आधी भाजत नसाल. १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं किंवा कढईत मंद आचेवर, पूर्ण गार करून मग घाला. गरम घातले तर लोणी वितळेल. तुकडे हरभऱ्याएवढे, त्याहून मोठे ठेवले तर सुरी अडते आणि काप तुटतो. अक्रोड चाखून पाहा, खवट एकच असला तरी कळतो.

प्रश्न : लोण्याऐवजी साजूक तूप चालेल? — सांगली

चालेल, वजन बदलून. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, तुपात जवळजवळ सगळंच. म्हणून २२५ ग्रॅम लोण्याऐवजी १८० ग्रॅम तूप आणि ४० मिलिलिटर दूध. दूध शेवटी, मैद्याबरोबर. पातळ तूप नको. रवाळ तूप बर्फाच्या पाण्यावर ठेवून मलईसारखं होईपर्यंत फेसा. केक भुसभुशीत होतो, नानकटाईच्या वासाचा. लोण्याचा केक तो नव्हे, पण चांगला.

प्रश्न : ताई, इथे अमेरिकेत आईच्या मापानं केला तर केक दडस होतो. — न्यू जर्सी

आई कपानं मोजत असेल तर तो चहाचा कप आहे, तुमचा २४० मिलिलिटरचा नव्हे. तिला एकदा काट्यावर तोलून सांगायला लावा. तिथलं ‘लार्ज’ अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅमचं, म्हणजे २२५ला साडेचार. बटरची एक कांडी ११३ ग्रॅम, दोन घ्या. ऑल पर्पज पीठ आपल्या मैद्याहून अनेकदा जास्त प्रथिनांचं असतं. त्यातले २५ ग्रॅम काढून तेवढं कॉर्नफ्लॉवर घाला. ओव्हन ३२५ फॅरनहाइट.

प्रश्न : आम्ही अंडं खात नाही. तोच केक अंड्याशिवाय सांगा. — जळगाव

तोच केक होणार नाही, आणि तसं सांगणं फसवणूक ठरेल. अंडं इथे चार खांबांपैकी एक आहे : ते मिश्रण बांधतं, फेस धरतं आणि भाजल्यावर घट्ट होऊन केक उभा ठेवतं. त्याऐवजी दही घातलं तर लोणी सुटून खाली बसतं. त्यापेक्षा कंडेन्स्ड मिल्कचा केक करा, तो स्वतःच्या गुणानं चांगला होतो. ४०० ग्रॅमचा एक डबा, लोणी १२५ ग्रॅम, मैदा २५०, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाऊण चमचा सोडा, दीडशे मिलिलिटर दूध आणि त्यात एक मोठा चमचा व्हिनेगर. साखर वेगळी नाही. लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क फेसा, चाळलेला मैदा आणि दूध आलटून पालटून घाला. इथे मिश्रण पातळ असतं, म्हणून सुकामेवा १२५ ग्रॅमच, बारीक चिरून, निम्मा आत आणि निम्मा दहा मिनिटांनी वरून. दार उघडायची ही एकच सूट, तीही भरकन. १६० अंशांवर ५० ते ५५ मिनिटं.

प्रश्न : ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल का? — कराड

होईल, पण चांगला कुकर वापरू नका. पाण्याशिवाय तापवल्यानं तो खराब होतो. जुनं जाड बुडाचं पातेलं किंवा कढई आणि घट्ट झाकण बरं. कुकरच घेतला तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर तिवई, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग सगळ्यात बारीक आच. वर दिलेल्या प्रमाणाच्या निम्मं मिश्रण, सहा इंचांच्या गोल डब्यात. ५० मिनिटं ते एक तास. पूर्ण प्रमाण घातलं तर तळ करपतो आणि मध्य कच्चा राहतो. वरून विस्तव नसल्यामुळे माथा फिकटच राहील. झाकणाला फडकं बांधा, म्हणजे वाफेचं पाणी केकवर टपकणार नाही. फडक्याची टोकं वर गाठ मारून ज्योतीपासून दूर ठेवा.

प्रश्न : किती दिवस टिकतो? फ्रीजमध्ये ठेवला की दगड होतो. — रत्नागिरी

थंडीत बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात पाच दिवस, पावसाळ्यात तुमच्याकडे दोनच. त्यापुढे फ्रीज. दगड होतो कारण त्यात लोणी भरपूर आहे. खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, झाकलेलाच, म्हणजे मऊ होतो. जास्त दिवस ठेवायचा तर काप करून, प्रत्येक दोन कापांमध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये, दोन महिने. दात्यांची सुरी वापरा आणि दाबू नका, करवतीसारखी चालवा. गरम गुंडाळला तर मात्र थंडीतही तिसऱ्या दिवशी बुरशी दिसेल. पूर्ण गार व्हायला या केकला तीन तास लागतात.